खाटेवरची जीप

लग्नाच्या तिथी सुरू झाल्या की आमच्या घरावरून दिवसभर गाड्या जातात. टेंभुर्णीतलं आमचं घर रस्त्याला अगदी लागून आहे. वऱ्हाडाच्या गाडीचा हॉर्न वेगळा असतो. समोर कुणी नसलं तरी वाजतो, नुसता आनंदानं. पूर्वी जीपा जायच्या. पुढच्या काचेवर फुलांची माळ, टपावर गाद्या आणि नवऱ्या मुलीचं कपाट, मागच्या पायरीवर लोंबकळणारी पोरं. आता मोठ्या पांढऱ्या गाड्या जातात, काचा वर करून. आतली माणसं दिसत नाहीत, गाणी बाहेर येत नाहीत. पण हॉर्न तसाच. तो वाजला की माझा हात थांबतो. पोळी तव्यावर असली तर करपते.

मग मी समोरच्या भिंतीकडं बघते. तिथं आता धान्याची कोठी आहे. एका उन्हाळ्यात तिथं टेबल होतं, टेबलावर कॉम्प्युटर होता आणि टेबलाला भिडवून खाट होती. त्या खाटेवर बसून आमचे मालक जीप चालवायचे.

हे कुणाला तोंडानं सांगायला गेले तर मला सांगता येणार नाही. लोक हसतील, नाहीतर हसणार नाहीत आणि गप्प होतील. दोन्ही मला सोसत नाही. म्हणून लिहिते.

मालक काळी-पिवळी, म्हणजे सवाऱ्यांची जीप चालवायचे. टेंभुर्णी, राजूर, जालना, आणि परत. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांना त्याच रस्त्यावर बघितलं. लग्नसराईत तर ते घरी फक्त अंघोळीपुरते यायचे. अंगाला डिझेलचा, झेंडूच्या हाराचा आणि वऱ्हाडाच्या बुंदीचा मिळून एक वास असायचा. बोलायचे भरपूर. घरात बोलणारे तेच होते. मी 'हो', 'न्हाई', 'वाढू का' एवढ्यावर संसार केला. दिवसभर गाडीत गावोगावचं बोलणं ऐकून आलेल्या माणसाला घरी कुणीतरी गप्प असलेलं बरं वाटत असेल, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती.

त्या वर्षी, शिमग्याच्या आधी, त्यांना लकवा झाला. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. जालन्याच्या डॉक्टरांनी घरी सोडताना मला बाजूला घेतलं. म्हणाले, "बोलतं ठेवा त्यांना, बाई. जे परत यायचं ते ह्या पहिल्या काही महिन्यांत येतं. नंतरचा भरवसा नसतो."

मी मान हलवली. माणसाला बोलतं कसं ठेवायचं, हे विचारायला पाहिजे होतं. पण मागं लोक उभे होते आणि डॉक्टरांनी पुढचा कागद हातात घेतला होता.

घरी आल्यावर मी खाटेजवळ बसायचे आणि काय बोलावं ते शोधायचे. मुलगी आष्टीला दिलेली, तिचं लेकरू लहान. ती येऊन जायची. ती असली की घरात आवाज असायचा. गेली की आम्ही दोघं. "ऊन वाढलं," मी म्हणायचे. ते छताकडं बघत असायचे. "शेजारच्यांची गाय व्याली." ते छताकडंच. माझे शब्द संपायचे. ज्या घरात बोलणारा गेला तिथं गप्प माणसानं कुठून शब्द आणावेत? देवानं नेमकं उलट घेतलं असं वाटायचं. माझी वाचा घेतली असती तर कुणाच्या ध्यानातही आलं नसतं.

आमच्यात नावानं हाक मारत नाहीत. ते मला 'ऐकलं का' म्हणायचे. दारातून आत येता येता, पाय धुता धुता, 'ऐकलं का'. पुढं काही सांगायचं असायचंच असं नाही. त्या उन्हाळ्यात मला तेवढंच परत पाहिजे होतं. बाकीचं बोलणं नाही आलं तरी चालेल. ते एक आलं पाहिजे.

बाहेर वऱ्हाडं जात होती. प्रत्येक हॉर्नला ते डोळे मिटायचे.

*

प्रदीप हा ह्यांच्या बहिणीचा मुलगा. जालन्याला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा. बारीक, चष्मा, खिशाला कायम पेन. क्लासमध्ये नवीन मशीन आल्या तशी एक जुनी बाजूला काढली, ती तो मामासाठी घेऊन आला. आणली रशीदभाईंच्या जीपवर. रशीदभाई ह्यांच्या बरोबरीचे ड्रायव्हर, एकाच स्टँडवर दोघांची जिंदगी गेलेली. टपावर गोधडीत गुंडाळून, वरून दोर बांधून कॉम्प्युटर आला. नवऱ्या मुलीचं कपाट येतं तसा.

"मामी, मामाला गाडी चालवू द्या," प्रदीप म्हणाला.

"कुठं?"

"इथंच. खाटेवर."

मला काही कळलं नाही. मग त्यानं पिशवीतून एक काळं प्लास्टिकचं स्टीअरिंग काढलं. खेळण्यातलं वाटावं एवढंच, पण गोल, हातात मावणारं. त्याला वायर, वायरीच्या टोकाला दोन पायडल.

रशीदभाईंनी ते हातात घेऊन फिरवून बघितलं. "लो उस्ताद. नई गाडी. डिझेल न्हाई, परमिट न्हाई, पोलीस न्हाई. अजून काय पायजे?"

ह्यांनी स्टीअरिंगकडं बघितलं. डावा हात उचलला आणि त्याच्यावर ठेवला. काढला नाही.

स्टीअरिंग टेबलाच्या कडेला पक्कं बसवलं. ह्यांना उठवून बसवलं तर ते सरकत सरकत खाटेच्या पार उजव्या कडेला गेले. अर्धं अंग बाहेर. पडतील म्हणून मी धरायला गेले, आणि रशीदभाई मोठ्यानं हसले. "राहू द्या भाबी! पुढच्या शिटावर तीन सवाऱ्या बसवायच्यात त्याला." खरंच, काळी-पिवळीचा ड्रायव्हर असाच बसतो, दारातून अर्धा बाहेर, कारण आतली जागा लोकांची असते. खाटेचा बाकीचा सगळा भाग त्यांनी मोकळा सोडला होता.

पायडलचा प्रश्न आला. उजवा पाय हलत नव्हता. प्रदीप डोकं खाजवत बसला. शेवटी मी खाली फरशीवर बसले आणि एका पायडलवर हात ठेवला. गाडी पळवायची असली की ते डाव्या टाचेनं फरशीवर ठोकायचे, मी दाबायची. टाच थांबली की सोडायची. ब्रेकचं दुसरं पायडल कधी दाबायचं ते मला अंदाजानं कळायला लागलं, त्यांच्या खांद्यावरून.

पडद्यावर आधी एक हिरवं टेकाड यायचं, वर निळं आभाळ, पांढरे ढग. आमच्याकडं एप्रिलात असं हिरवं कुठून दिसणार? मी बघतच राहायची. प्रदीप म्हणाला, "हे विंडोज." मला इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत, चौथीपर्यंत मास्तरांनी शिकवली तेवढी मराठी. म्हणून मी टेकाड लक्षात ठेवलं. टेकाड आलं म्हणजे विंडोज.

मग खेळ सुरू झाला. शहरातला रस्ता, दोन्ही बाजूला दुकानं, फुटपाथवर माणसं. शर्यत होती. बाकीच्या गाड्या सुसाट निघून गेल्या. हे हळूहळू निघाले आणि माणसांचा पहिला घोळका दिसला तसे कडेला थांबले.

"मामा, रेस आहे ही," प्रदीप म्हणाला. "थांबायचं नसतं."

थोडं पुढं गेले, परत घोळका, परत थांबले.

"अरे मामा, सगळ्यात शेवटी आहे तुमची गाडी!"

"थांब रे तू," रशीदभाई म्हणाले. "सवारी सोडून जातो का कुणी?"

तिसऱ्या घोळक्याजवळ ह्यांचं तोंड वाकडं झालं, गालावरची शीर ताठ झाली, आणि आवाज आला. घोगरा, पण त्यांचाच.

"राजूर... राजूर... राजूर..."

माझा हात पायडलवर होता. तो तिथंच राहिला, गाडी भिंतीवर जाऊन आदळली. रशीदभाई उभे राहिले, टोपी काढली, परत घातली. "बोल्या," ते म्हणाले. "उस्ताद बोल्या." आणि बाहेर जाऊन आपल्या जीपचा हॉर्न वाजवून आले.

*

रोज दुपारी लाइट आली की गाडी निघायची. सकाळची लाइट असली तर सकाळी. थांब्यांची नावं येत गेली. टेंभुर्णी. राजूर. मोंढा. जालना. एकदा त्या खेळातली एक गाडी समोरून अंगावर आली, कारण हे डाव्या बाजूनं चालवायचे आणि खेळातलं शहर उजव्या बाजूनं चालणारं होतं, तेव्हा त्यांच्या तोंडून स्वच्छ निघालं, "आंधळा हाय का?" मला इतका आनंद झाला की मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

पण खाटेपासून टेबल बाजूला केलं की ओठ मिटायचे. मी पाणी द्यायची, ते घ्यायचे. माझ्याकडं बघायचे, पण माझ्याकडं बघून आवाज निघत नव्हता. त्यांचं बोलणं त्या रस्त्यावर कुठंतरी सांडलं होतं आणि ते रोज जाऊन थोडं थोडं उचलून आणत होते. घरातलं बोलणं त्या रस्त्यावर नव्हतं.

मशीन जुनी होती. मे लागला, पत्र्याखाली घर तापायला लागलं, आणि ती अडकायला लागली. गाडी चालता चालता चित्र जागेवर थिजायचं. माणसं एक पाय उचललेली, समोरची गाडी अर्धी वळलेली. आणि हेही थिजायचे. "टेंभु..." एवढं तोंडातून निघालेलं असायचं आणि पुढचं 'र्णी' अडकायचं. तोंड उघडं, डोळे पडद्यावर. चित्र हललं की शब्द पुरा व्हायचा. कधी चित्र हलायचंच नाही, मशीन बंद करून चालू करावी लागायची, आणि तेवढा वेळ ते अर्धा शब्द तोंडात धरून बसायचे. मी त्यांची हनुवटी धरून म्हणायची, "र्णी. म्हणा ना, र्णी." ते म्हणत नसत. माझ्या सांगण्यानं तो शब्द पुरा होत नव्हता.

रविवारी प्रदीप यायचा. त्यानं मशीनचं झाकण काढलं, फुंकर मारली, टेबलफॅन ह्यांच्याकडून वळवून तिच्यावर लावला.

"वा रे मास्तर," रशीदभाई म्हणाले. "माणसाला घाम अन मशीनला हवा."

"तापून राह्यली ना ती, चाचा. अन हे विंडोज जड आहे तिला. व्हायरसपण आहेत. मी लिनक्स टाकतो."

"ते काय?"

"ते पण असंच. पण हलकं. म्हाताऱ्या मशीनवर बराबर पळतं."

"म्हणजे बॉडी तीच, इंजिन दुसरं?"

"तसंच समजा."

"मंग टाक ना. जल्दी टाक."

दुपारभर तो बसला होता. ह्यावेळी टेकाड आलं नाही. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं भराभर वर पळत गेली, जसं कुणी घाईघाईनं वाचून दाखवतंय. मग निळा पडदा आला आणि शांत झाला. विंडोजचा खेळ ह्यात चालत नाही म्हणून त्यानं दुसरा खेळ घातला, गाड्यांचाच. आणि खरंच, गाडी पळाली ती अशी की कुठं अडखळली नाही. पाण्यावरून तेल जावं तशी.

पण स्टीअरिंग फिरवलं तरी ती सरळच जात होती.

"ओळखत न्हाई हे," प्रदीप मागच्या वायरी हलवत म्हणाला. "स्टीअरिंग चालवायचा प्रोग्राम, ड्रायव्हर, न्हाई ह्यात."

"ड्रायव्हर तर इथं बसलाय," रशीदभाई म्हणाले. प्रदीपनं बटणं दाखवली, ह्या चार बाणांनी चालवा म्हणून. ह्यांनी डाव्या हाताच्या बोटांनी ती दाबून बघितली. गाडी वळली. त्यांनी बोटं काढून घेतली आणि हात परत स्टीअरिंगवर नेऊन ठेवला, जे कशालाच लागलेलं नव्हतं. आयुष्यभर ज्या हातानं गाडी वळवली, तो हात बाजूला ठेवून बोटांनी वळवायची ती कशी गाडी?

पुढच्या रविवारी प्रदीप कुठूनतरी शोधून आला. कागदावर लिहून आणलेली अक्षरं एकेक करून टाकली. स्टीअरिंग ओळखलं. आम्ही सगळे बघत होतो. ह्यांनी डावीकडं वळवलं, आणि गाडीला ब्रेक लागला. उजवीकडं वळवलं तर ती मी पायडल दाबल्यासारखी सुटली. मी पायडल दाबलं तर ती वळली.

"हे दोन्ही एकात मिसळलं," प्रदीप कपाळावर हात मारून म्हणाला.

"तू मास्तर हाय का मेकॅनिक?" रशीदभाईंनी विचारलं. "मेकॅनिक असंच करतो. एक नीट केलं की दुसरं खोलून ठेवतो."

त्याच्या पुढच्या रविवारी तेही नीट झालं. त्या पोराची मेहनत मी विसरणार नाही. आता स्टीअरिंग चालत होतं, पायडल चालत होतं, मशीन अडकत नव्हती. सगळं जसं पाहिजे तसं.

फक्त त्या खेळात रस्त्याच्या कडेला माणसं नव्हती. गोल रस्ता, मधे गवत, भोवती कठडा. फिरायचं आणि परत तिथंच यायचं. हे चालवत राहिले. एक फेरा, दुसरा फेरा. डोळे कडेला शोधत होते. हात उचलून थांबवणारं कुणी नाही, डोक्यावर बोचकं घेतलेलं कुणी नाही. गाडी सुंदर पळत होती आणि त्यांचं तोंड मिटलेलं होतं. संध्याकाळपर्यंत एक नाव निघालं नाही.

*

शेवटी प्रदीपनं दोन्ही ठेवली. मशीन सुरू केली की दोन ओळी यायच्या. वरची दाबली की लिनक्स, खालची दाबली की विंडोज. "मामी, मामाला जे बरं वाटंल ते लावत जा," म्हणून तो जालन्याला निघून गेला.

रोज लाइट आली की मी त्या दोन ओळींपुढं उभी राहायची. मला आयुष्यात कुणी काही निवडायला सांगितलं नव्हतं. स्थळ बापानं बघितलं, घर सासऱ्यानं बांधलं, मुलीचं नाव आत्यानं ठेवलं. आणि हे माझ्याकडं आलं. खालची दाबली तर रस्ता, माणसं, थांबे, आणि मधेच गळ्यात अडकलेला अर्धा शब्द. वरची दाबली तर काही अडकणार नाही, आणि काही निघणारही नाही. मी मागं वळून त्यांच्याकडं बघायची. "वरची का खालची?" ते पडद्याकडं बघायचे. ओळी थोडा वेळ थांबायच्या आणि मी काहीच दाबलं नाही तर मशीन आपोआप वरची घ्यायची. कितीदा ती मशीननंच घेतली.

अर्धा शब्द बरा की पुरा मुकेपणा, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

प्रदीप आता पुण्याला असतो, मोठ्या नोकरीत. दिवाळीला फोन करतो. मागं एकदा म्हणाला, "मामी, आता लिनक्सवर सगळं चालतं बरं का. विंडोजचे गेमपण. स्टीअरिंग लावलं की आपोआप ओळखतं, काही करावं लागत न्हाई." त्याच्या आवाजात काहीतरी होतं. मी म्हणाले, "बरं झालं." दुसरं काय म्हणणार होते? माझं गप्प राहणं लोकांना कळत नाही, पण त्याला कळतं.

त्या वर्षी ज्येष्ठ सरत आला तशी वऱ्हाडं विरळ झाली. रस्ता रिकामा वाटायला लागला. मला त्या रिकाम्या रस्त्याची भीती वाटायची. डॉक्टरांचे पहिले काही महिने त्या लग्नांबरोबर निघून चालले होते, आणि मी रोज मोजल्यासारखी कान देऊन बसायची, की आज एक तरी हॉर्न वाजेल. लोकांची लग्नं उरकून गेली म्हणून मला रडू यायचं. असं कुणाला सांगणार?

ते त्याच वर्षी दिवाळीनंतर गेले. झोपेत गेले, त्रास झाला नाही. लोक म्हणतात ते सुटले. पण त्यांच्या जाण्याचा दिवस मला एवढा आठवत नाही, जेवढा ज्येष्ठातला तो शेवटचा रविवार आठवतो.

*

त्या रविवारी प्रदीप येताच म्हणाला, "मामी, आज जुगाड करून आलो. विंडोजचा गेम लिनक्सच्या आतच चालवायचा. रस्ता तो, माणसं ती, अन मशीन हँग होणार न्हाई."

मला वाटलं, आता सुटलं. हे आधीच का नाही झालं, एवढंच वाटलं.

दुपारची लाइट होती. रशीदभाई जाफ्राबादकडं गेले होते, घरात आम्ही तिघंच. ह्यांना बसवलं. मी खाली बसून पायडलवर हात ठेवला. प्रदीपनं काय काय दाबलं, आणि गाडीच्या इंजिनचा आवाज आला. स्वच्छ, भरलेला आवाज. पायडल दाबलं की चढणारा, सोडलं की उतरणारा. पडदा मात्र काळा.

"थांबा हं," प्रदीप म्हणाला. परत केलं. परत आवाज, परत काळं. चार-पाच वेळा तेच. त्याचा चेहरा एवढासा झाला. "चित्र येत न्हाई, मामी. नुसता आवाज. मी एकाला विचारतो." आणि मोबाइल घेऊन तो अंगणात गेला, कारण घरात रेंज नव्हती.

आवाज चालूच होता. मी बंद करायला उठणार, तर डाव्या टाचेचा ठोका पडला.

मी दाबलं. इंजिन चढलं.

वर बघितलं तर ह्यांचे डोळे मिटलेले होते. हात स्टीअरिंगवर, खांदा सैल, खाटेच्या कडेला अर्धं अंग बाहेर.

"चला राजूर... राजूर, जालना," ते म्हणाले. "बसा मावशी. सरका. सरका थोडं, सगळ्यांना जायचंय." टाच पडली. मी दाबलं. "ए पोरा, पाय आत घे." हात डावीकडं वळला, सरळ झाला. मी पायडल कमी केलं, कारण खांदा मागं आला होता. बहुतेक शाळा आली असेल. शाळेपाशी ते नेहमी हळू करायचे. मग परत टाच.

कुठं अडकत नव्हतं. अडकायला चित्रच नव्हतं. इतके महिने ज्याच्या तोंडातून एकेक नाव ओढून काढावं लागत होतं, तो माणूस त्याच्या जुन्या आवाजात, जुन्या गतीनं बोलत होता. कुणाच्या तरी आजारी बापाची चौकशी केली. कुणाला तरी म्हणाले, कोंबडी पायाशी ठेव, मांडीवर नको. पावसाचं विचारलं. हसले. मी फरशीवर बसून दाबत होते, सोडत होते, आणि मला वाटलं, बाहेर प्रदीपला हाक मारावी. पण हात काढला तर गाडी थांबेल म्हणून हात काढला नाही.

राजूर गेलं. रस्त्याकडेची खडी फोडायची मशीन गेली. हा रस्ता मलाही थोडा माहीत होता, दवाखान्याच्या फेऱ्यांनी माहीत झाला होता. पाण्याची टाकी आली म्हणाले, मग मोंढा. मी पायडल कमी करत आणलं. खांदा मागं आला. मी सोडलं. इंजिन खाली आलं आणि एका लयीत घरघरत राहिलं.

अंगणातून प्रदीपचा आवाज येत होता, "न्हाई रे, आवाज येऊन राह्यला, चित्र न्हाई येत."

ह्यांनी डोळे उघडले. मान वळवली आणि माझ्याकडं बघितलं. शिमग्यापासून असं बघितलं नव्हतं. नीट, ओळखीचं, डोळ्यांत डोळे घालून. ओठ हलले. मला माहीत होतं आता काय येणार. 'ऐकलं का'.

"उतरा बाई," ते म्हणाले. "जालना आलं."

माझा हात पायडलवरच होता.

"सावकाश उतरा," ते म्हणाले, अगदी मायेनं. "पिशवी राह्यली का बघा."

मी हात उचलला. फरशीला टेकून उठले. गुडघे धरले होते, म्हणून वेळ लागला, ते थांबले. मी खाटेपासून बाजूला झाले तशी त्यांनी एकदा मागं बघितलं, माझा पदर कुठं अडकला नाही ना हे बघावं तसं. मग डोळे मिटले. खाली पायडलवर कुणी नव्हतं. मशीनचा आवाज होता तिथंच घरघरत होता. त्यांनी ओठ मिटून तोंडानंच इंजिनचा आवाज काढायला सुरुवात केली, पहिल्यात, दुसऱ्यात, आणि स्टीअरिंग वळवलं.

मी भिंतीला टेकून उभी राहिले, गाडी जाईपर्यंत.